निळ्या पट्ट्याची चप्पल

मिलिंद गेल्याची बातमी त्याच्या पेजवर मीच टाकली. भरदुपारी, दवाखान्याच्या पायरीवर बसून. त्याचं नाव लिहिताना दोनदा चुकलं. खाली पहिली प्रतिक्रिया आली, ‘पाँव किधर है?’ आधी मला संताप आला, मग रडू आलं... कारण विचारणाऱ्याचं काहीच चुकलं नव्हतं. लोकांना ही सवय मिलिंदनंच लावली होती.

मिलिंद माझा मावसभाऊ. अंबरपेठेत त्याचं डिझाइन आणि फ्लेक्स छपाईचं छोटं दुकान होतं, आणि तिथूनच तो गल्लीच्या बातम्यांचं पेज चालवायचा. पाणी कधी येणार, गटाराचं झाकण कुठं गायब आहे, रेशन दुकान आज उघडं आहे का... तेलुगू, उर्दू आणि मराठीत, म्हाताऱ्यांना चष्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत. बँकेतली नोकरी सोडून मी त्याच्या हाताखाली आले तेव्हा त्यानं एकच नियम सांगितला. जागेवर जायचं, उभं राहायचं आणि फोटोत खाली आपला पाय दिसू द्यायचा. त्याच्या पायात कायम निळ्या पट्ट्याची रबरी चप्पल. ती दिसली की लोक म्हणायचे, ‘पाँव वाली खबर है, सच्ची है.’ बातमीत चप्पल काय दाखवतोस, म्हणून मी नाक मुरडायचे. तो हसायचा. “अक्का, मी तिथं हुबा होतो, एवढंच सांगायचंय. बाकी लोक हुशार हायेत.”

पेजच्या बॅनरसाठी त्याच्या पायाचं चित्र मी कापून कंप्यूटरात ठेवलं होतं. तेच नडलं.

दोन वर्षांपूर्वी तो बेगम बाजारला मावशीसाठी मिरची आणायला गेला होता. दुकानात मी एकटी. फोनवर एक फोटो फिरत आला: चादरी विकणारा एक माणूस, आणि खाली मजकूर, हा मलकपेठेकडून आलाय, मुलं पळवतो. बायकांचे फोनवर फोन सुरू झाले, खरंय का म्हणून. मिलिंद फोन उचलेना. तेवढ्यात एखादं मूल गेलं तर, एवढंच डोक्यात होतं. मी त्या फोटोखाली मिलिंदचा पाय चिकटवला आणि तो पेजवर टाकला.

अर्ध्या तासात नाक्यावर आरडाओरडा सुरू झाला. मी धावले. चादरींचं गाठोडं रस्त्यात फुटलं होतं, तो माणूस दोन्ही हातांनी डोकं झाकून बसला होता, आणि भोवती आमचेच रोजचे शेजारी होते. कुणाच्या हातात काठी, कुणाच्या हातात फोन. मी कडेलाच थांबले. इतक्यात, वाटेत पेजवर ती बातमी पाहून आलेला मिलिंद रिक्षातून उतरला, गर्दीत घुसला आणि त्या माणसाच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला. एक काठी त्याच्या खांद्यावर बसलीच. तरी तो हलला नाही.

“पाँव मेराच है,” तो ओरडला. “मगर मैं उधर खड़ा नहीं था! झूट मेरे पेज से गया. मारना है तो मेरे कू मारो.”

गर्दी थबकली. पोलीस येईपर्यंत तो तसाच उभा होता. तो माणूस वाचला. चादरी गोळा न करताच निघून गेला.

दुकानात आल्यावर मिलिंद एवढंच म्हणाला, “अक्का, चहा ठेव.” मग पेजवर लिहिलं, बातमी खोटी होती, चूक माझी. कितीतरी लोक पेज सोडून गेले, दुकानदारांनी जाहिराती काढल्या, येता-जाता टोमणे मारले. तो ऐकून घ्यायचा आणि चप्पल घालून पुढच्या गटाराकडे निघायचा. माझं नाव त्यानं कुणालाही सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. त्याच्या शेजारी बसून रोज डबा खाल्ला आणि गप्प राहिले. मी भित्री होते, दुसरं काही नाही.

मिलिंद गेल्यानंतर, आज सकाळी, भाजीवाल्यांच्या गल्लीतलं गटाराचं झाकण पुन्हा गायब झालं. मिलिंदची बायको सुजाता म्हणाली, “कंप्यूटरात त्याचा पाय हाय की, अक्का. लावा ना, लोकांना बरं वाटंल.” मी ते चित्र पुसून टाकलं. माझी तपकिरी सँडल घालून त्या खड्ड्याशी गेले, उभी राहिले, फोटो काढला.

लगेच कुणीतरी विचारलं, ‘ये किसका पाँव है?’

मी लिहिलं, ‘मिलिंद की अक्का का. चादर वाले की झूटी खबर भी मैंच डाली थी. मिलिंद ने नहीं.’

तेव्हापासून फोन सारखा थरथरतोय. मी तो पालथा ठेवलाय. दुकानाच्या दाराशी निळ्या पट्ट्याची चप्पल आहे, त्यानं काढून ठेवली होती तशीच. थोड्या वेळानं मी फोन उलटणार आहे आणि एकेक उत्तर वाचणार आहे.