माणूस हिरीत हाय

बीडच्या दवाखान्यात डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "आजी गेल्या." त्याच घटकेला माझ्या हातातला बायकोचा फोन थरथरला. आमच्या हिरीवरची मोटार दुरुस्त करणाऱ्या रफिकनं पाण्याच्या ग्रुपवर टाकलं होतं, "माणूस हिरीत हाय." पोरगी मंगल रडत म्हणाली, "आप्पा, ग्रुपवर टाकते, समद्यांना एकदम कळंल." मी वरडलो, "न्हाई! रफिक खाली हाय!" नर्स माझ्याकडं बघतच राहिली.

येडेपणा वाटंल, म्हणून सांगतो. नांदूरघाटाच्या अलीकडं आमचं गाव. दुष्काळात काही घरांनी सोसायटी करून एक हीर, एक मोटार चालवली. हीर माळावर, बटन गावात. इथलं तिथं दिसत न्हाई. मी दुसरी नापास, माझी कौसा सातवी, म्हणून ग्रुप तिच्या हातात. हिरीत उतरणाऱ्यानं लिहून उतरायचं, वर आला की लिहायचं, आणि बटनवाल्यानं ग्रुपवरचं शेवटचं बघूनच बटन दाबायचं. मोटार, पाइप, पाण्याची पाळी सोडून दुसरं काही टाकायचं न्हाई. कुणी सकाळचं फूल टाकलं की ती फोनात बोलायची, "ह्ये फूल मोटारीच्या कोणत्या नटाला बसतं रं?" लई तोंडाळ बाई.

आणि चुकलो मीच. कपिलधारला देवाला गेलतो. त्या दुष्काळात तिथल्या धबधब्याला करंगळीएवढी धार बघून हरखलो, फोटो टाकला. मागोमाग सगळ्यांचे जोडलेले हात… रफिकचं लिहिलेलं पार वर सरकलं. बटनवाल्याला हातच दिसले, त्यानं बटन दाबलं. रफिक कमरेएवढ्या पाण्यात, मुठीत उघडी वायर. नेमकी तवा लाईट गेलती, म्हणून वाचला.

कौसानं मला ग्रुपातून काढलं. "धनी घरात. इथं तुमी बी नुसता एक फोन नंबर." रफिकच मधे पडला, "जाऊ द्या मावशी, घ्या काकाला परत." तर त्याच्यावरच उसळली, "तू मेला असतास तर तुझ्या आईला काय, धबधबा दाखवला असता?" पुढं घेतलं परत, पण मी काही टाकलं न्हाई. भ्याच वाटायचं.

…तर त्या दिवशी तिच्या अंगावर चादर ओढली, आणि मी तिच्याकडं न बघता फोनकडं बघत बसलो. ह्याची लाज बी वाटते. पण गेलेली गेली होती, भीती जित्याची होती. मग आलं, "वर आलो." तेव्हा मंगलला म्हटलं, "आता सांग. पर ग्रुपवर नगं, एकेकाला फोन लाव." माणसं दारात येऊन रडली, ग्रुपवर एक हात जोडलेला आला न्हाई.

आता तिचा फोन मी संभाळतो. तिच्या पानाच्या चंचीतच असतो, त्याला काताचा वास येतो. "माणूस हिरीत हाय" आलं की चहा निवून जातो, मी जागचा हालत न्हाई. परवा लई उशीर झाला. मग सवयीनं रफिकनं लिहिलं, "वर आलो, मावशी."

मंगल म्हणाली, "आप्पा, मावशी लिहिलंय, काढायचं का?"

"कावून? मोटारीचंच हाय," मी म्हटलं. "ऱ्हाऊ दे."