दोन खोट्या तारा

चारतारी दिवसभर दात बनवायची. स्वतःचे नव्हे, लोकांचे. दातांच्या लॅबमध्ये प्लास्टरच्या जबड्यांसमोर बसून ती मेणात एकेक दात रोवायची, आणि एखादा जबडा फारच ऐटीत दिसला तर त्याला दटावायची, "आत्तापासून हसू नकोस, अजून घासायचाय तुला." बाई पन्नाशीची, पण दिवसाकाठी एक तरी खोडी काढल्याशिवाय तिला अन्न गोड लागत नसे.

'चारतारी' हे नाव गिटार मंडळाने ठेवलेलं. दर रविवारी सायकलच्या दुकानावरच्या माडीत आठजण जमत. सातजणांच्या गिटारी सहा तारांच्या, हिची टेनर गिटार चार तारांची. ती तिच्या मामाची. मामा गेल्यावर मामीने "कपाटावर धूळ खात पडण्यापेक्षा तू ने" म्हणून दिली होती. अंगाने किरकोळ, आवाजाने खणखणीत. मामाही तसाच होता. पहिल्याच दिवशी मंडळाचे मास्तर, म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे शिक्षक, म्हणाले, "दोन पडल्या वाटतं? रिकाम्या जागा भरणं तर तुमचाच धंदा!" सगळे हसले. तीही हसली, पण मनातून चिडली.

खरी गोम वेगळीच होती. मंडळात ऐकून वाजवायची पद्धतच नव्हती. सगळ्यांचे डोळे मास्तरांच्या डाव्या हातावर. मास्तरांची बोटं सरकली की बाकीच्यांची सरकत. चारतारीच्या तारा वेगळ्या सुरांत लावलेल्या, त्यामुळे तीच कॉर्ड वाजवायला तिची बोटं भलत्याच जागी पडत. कुणाची नजर चुकून तिच्या हातावर गेली की त्याच्या गाण्याचे तीन तेरा वाजत. म्हणून तिला कोपऱ्यात बसवत.

वाचनालयाच्या वर्धापनदिनाला मंडळाचा कार्यक्रम ठरला. मास्तर म्हणाले, "लोकांसमोर हे अर्धवट वाद्य शोभत नाही. सहा तारांची आणा, नाहीतर समोर बसून टाळ्या वाजवा."

तिला ते फार लागलं. मामाच्या गिटारीवर एकदा तरी चार लोकांसमोर वाजवायचं, एवढीच तिची हौस. नणंद त्याच मंडळात होती. घरी येऊन तिच्याजवळ ती धुसफुसली.

"माझी जुनी घे ना, वहिनी," नणंद म्हणाली.

"मामाची सोडून? मुळीच नाही."

"मग काय करणार?"

"सहा तारा बघायच्यात ना त्यांना? दाखवते."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने कवळीच्या गुलाबी मसाल्यातून दोन खुंट्या घडवल्या, काळ्या रंगवल्या आणि मेणाने गिटारीच्या डोक्यावर चिकटवल्या. कवळी शेजारच्या दातांना अडकवायच्या आकड्यांसाठी असते ती तार गळ्याच्या कडेने दोनदा ओढली. नणंद हसून हसून लोळली. "अगं वहिनी, गिटारीला कवळी बसवलीस!"

रविवारी मास्तरांनी डोळे मिटून ऐकलं. "बघा! कसा भरला आवाज! या खालच्या दोन तारांची मजाच और." त्यांनी तिला कोपऱ्यातून उठवून थेट आपल्या शेजारी बसवलं.

"तुमचीच कृपा," चारतारी मान खाली घालून म्हणाली. मान वर केली असती तर हसू फुटलं असतं.

कार्यक्रमात पहिली दोन गाणी झकास झाली. तिसऱ्यात मास्तर मध्येच विसरले. आता ते कुणाच्या हाताकडे बघणार? शेजारी सहा तारांवर एक हात न अडखळता चालला होता. मास्तरांनी त्याची हुबेहूब नक्कल केली, आणि मास्तरांची बाकीच्यांनी. आंधळ्यांच्या माळेसारखे सातजण एकदम खड्ड्यात, तेही दणदणीत आवाजात. चारतारी तेवढी बरोबर वाजवत होती. थांबावं असं तिला क्षणभर वाटलं, पण हातात मामाचं वाद्य होतं. ती वाजवत राहिली.

पडद्यामागे मास्तर लालबुंद झाले. "तुमच्याच बोटांकडे बघत होतो मी! वाजवत काय होतात?"

"गाणं होतं तेच." तिने गिटार पुढे धरली. "या खालच्या दोन छेडून बघा."

टुक. टुक. मास्तरांनी खुंटी पिळली, तर ती हातातच आली.

"मास्तर, यांचा आवाज कुठून ऐकलात तुम्ही?" तिने विचारलं. आता तिला हसू येत नव्हतं. "मंडळातून काढायचं असेल तर काढा. पण गिटार मी बदलणार नाही."

तेवढ्यात वाचनालयाचे अध्यक्ष हसतमुखाने आत आले. "वा! काय एकजूट! या बाई तेवढ्या तिसऱ्या गाण्यात घसरल्या, बाकी सातही जण कसे एका सुरात!"

मास्तरांनी नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी भागलं असतं. त्यांनी हातातल्या खुंटीकडे पाहिलं आणि घसा खाकरला.

"नाही साहेब. आम्ही सातही जण चुकलो. बरोबर या एकट्याच होत्या. पुढच्या वेळीही याच गिटारीवर वाजवतील त्या."

अध्यक्षांना गहिवरून आलं. त्यांनी मास्तरांच्या पाठीवर हात ठेवला.

"मास्तर, आपल्या माणसांच्या चुकांवर किती पांघरूण घालता हो!"