माझ्या कोटाचं माप नाटकात

नव्वदचं दशक सरत आलं होतं. नागपुरात कायदा शिकून मी गडचिरोलीत कोर्टासमोर खोली घेतली आणि पाटीवर हौसेने 'कॉपीराइट व कलाक्षेत्र' असं रंगवून घेतलं. महिनाभर लोक झेरॉक्स काढायला येत होते. सीनियर वकील तर पोट धरून हसले. "अरे, इथी शेताच्या धुऱ्याचे भांडण येतात, बकरीचे येतात. कलाकार कुठून आणशील?"

मला असा संताप आला! धान कापून झालं की पूर्व विदर्भातल्या या अख्ख्या झाडीपट्टीत गावोगाव नाटकं लागतात, कंपन्या गाड्या भरून फिरतात, आणि तिथे लेखक-मालकांची भांडणं होत नसतील? होतात की. फक्त वकिलाकडे कोणी येत नाही, एवढीच काय ती गोम.

पहिला कलाकार आला तो तीन वर्षांनी, आणि तोही माझा शिंपीच. कोर्टाच्या भिंतीला लागून त्याचं दुकान, वय पन्नाशीचं, मुसलमान कारागिराचं घर, बोलणं कमी. सगळे त्याला मास्तर म्हणायचे. मी गडचिरोलीत आलो तेव्हा माझा काळा कोट त्यानेच शिवला होता. खोटं कशाला सांगू, त्या कोटात मी इतका भरदार दिसायचो की आरशासमोरून पाय निघत नसे.

मास्तरने टेबलावर एका नाटकाचं हँडबिल ठेवलं. "साहेब, हे नाटक माह्यं हाये. नाव बदललं अन् लेखक दुसराच टाकला."

दोन हिवाळे खपून त्याने ते लिहिलं होतं. एका कंपनीच्या मालकाला वाचायला दिलं. मालकाने आठ दिवसांनी 'चालणार नाही' म्हणून परत केलं, आणि आता तीच कंपनी ते जोरात चालवत होती.

"भरपाई मागू या," मी बाह्या सरसावल्या.

"नाई जी. मले नाव पाहिजे." त्याची पोरगी आरमोरीकडच्या एका गावात दिली होती. "तिनं सासरी सांगून ठेवलं का माह्या बापाचं नाटक येते. आता बैलाईच्या शंकरपटाले तिथी हेच नाटक लागून राह्यलं, अन् नाव दुसऱ्याचं. व्याही म्हणते, शिंप्यानं पायजमे शिवावं. पोरगी खोटी पडली ना साहेब." आणि मास्तरने गळ्यातल्या टेपानेच डोळे पुसले.

"पण मी रजिस्ट्री नाई केली."

"लागत नाही हो! नाटकाला सातबारा नसतो. लिहिलं त्या क्षणी हक्क तुमचा."

"मंग सिद्ध कसं कराचं?"

मी मूळ प्रत मागितली. त्याच्याकडे होतं ते मापाचं रजिस्टर, मालकाला वाचायला दिलं होतं तेच. त्यात शिल्लक राहिलेल्या जागेत त्याने नाटक लिहिलं होतं. एका पानावर नायिका विहिरीकडे धावते आणि खाली कोणाच्या तरी पँटची लांबी. मी वैतागलो. "अहो, नाटकात मापं कशाला?"

"कागद वाया काऊन घालवाचा?" मास्तर म्हणाला.

तीन दिवस डोकं खाजवून काही सुचेना. चौथ्या दिवशी चहाच्या टपरीवर एक पट्टेवाला नाटकाची गोष्ट रंगवून सांगत होता. मरणारा बाप विचारतो, बेटा, माझ्यामागे कसा राहशील? आणि नायक छाती ठोकून गरजतो, "बाबा! छाती बत्तीस, कंबर अठ्ठावीस, खांद्यात कापूस जास्त भरणे!" मेलेला बापही गदागदा हसला म्हणे. पब्लिकने वन्समोर घेतला, आणि तेव्हापासून गावोगाव तो डायलॉग तसाच चालू आहे.

चहा तसाच टाकून मी पळालो. आमच्याकडे नटांना तालमीला वेळ नसतो. आत बसलेला प्रॉम्प्टर जे वाचेल ते नट ठोकून देतो. नकलून घेणाऱ्याने नाटकाबरोबर मापही उतरवलं होतं! रजिस्टर उघडलं. बापाच्या प्रश्नाखाली तेच माप होतं, आणि वर गिऱ्हाईक म्हणून माझं नाव.

म्हणजे चार तालुके माझ्या छातीवर हसत होते.

मी मालकाला नोटीस धाडली. तो प्रॉम्प्टरला घेऊन माझ्या खोलीवर आला आणि ऐटीत बसला. "तो डायलॉग आमच्याच लेखकाचा हाये."

"अर्थ काय त्याचा?"

"खोल हाये जी. छाती बत्तीस, म्हणजे गरीब पोरगा उपाशी हाये!"

मी रजिस्टर पुढे केलं. तो म्हणाला, माप मागाहून घुसवलं असेल. "मास्तर, घ्या माझं माप!" मी ओरडलो. मास्तरने टेप लावला. छाती भरली पस्तीस. लग्नाला दोन वर्षं झाली होती, बायकोचा हात सढळ. मालक खो खो हसायला लागला.

मास्तर खाली बघत हळूच म्हणाला, "साहेब, कोट काढा. खांदा उसवा लागते."

"माझ्या खांद्यात कापूस नाही!"

मास्तरने कोट उतरवून घेतला. कात्री चालली आणि टेबलावर मूठभर कापूस आला, मग आणखी एक मूठ. कोटाच्या आत त्याच्याच हाताने टाकलेला गिऱ्हाईकाचा नंबर होता, तोच रजिस्टरात. इतकी वर्षं मी आरशात ज्याच्यावर खूश होतो तो कापूस होता तर! लाजेने कानशिलं तापली.

प्रॉम्प्टर एकदम बोलून गेला, "मले तवाच वाटलं होतं का हे माप हाये."

"मंग बोलला काऊन नाई?" मालक खेकसला.

"कागदावर हाये ते वाचाचं, हे आमचं काम. कागदावर बाप मरते, तर त्याले वाचवाचं का मी?"

नाटक मास्तरचंच, असं मालकाने लिहून दिलं. डायलॉग मात्र ठेवू द्या, म्हणून हात जोडले. मास्तरने माझ्याकडे पाहिलं. मी दात-ओठ खात मान हलवली.

शंकरपटाच्या दिवशी आम्ही दोघं पोरीच्या गावी गेलो. मास्तर घराकडे जायला तयार नाही, वळणावर माझ्यामागे उभा. भोंगा लावलेला ऑटो आला, नवी हँडबिलं उडवत, आणि लेखक म्हणून मास्तरचं नाव गल्लीभर घुमलं. पोरगी सूप घेऊन दारात आली. तांदूळ सांडत होते, तिला पत्ताच नव्हता. तिचा सासरा शेजारच्या आपल्या दुकानातून उतरला आणि हात आडवा करून त्याने ऑटो थांबवला.

"लेखकाचं नाव पुन्हा घे गा भाऊ," तो म्हणाला. "जोरानं घे. व्याही हाये आमचा."

मास्तरने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि लेकरासारखा रडला. त्याच्या कपाळाला माझं हाड चांगलंच टोचलं असणार, आत कापूस कुठे होता आता?