अठ्ठावीस नंबरचं झाड

रूपलाकाका रोज सकाळी झाडांतले खिळे काढायचे. हातात जंबूर, खांद्यावर पंचा, पायात टायरच्या चपला. काठपुऱ्याच्या वेशीपासून पैनगंगेच्या घाटापर्यंत रस्ता उतरतो, त्याच्या दोन्ही बाजूंना चिंचा, कडुलिंब आणि करंज होते. त्यांच्यावर कुणी ना कुणी पाटी ठोकून जायचं; शिकवणीची, बोअरवेलची, वाढदिवसाच्या शुभेच्छांची. काका पाटी उतरवून खोडाशी नीट टेकवून ठेवत, खिळा उपटत आणि भोकावर ओलं शेण दाबत.

"पाटी त्याची, खिळा त्याचा," ते म्हणत. "झाड त्याचं नाई."

काका जवळच्या तांड्यावरचे. बत्तीस वर्षं रस्त्याच्या गँगमध्ये होते. खड्डे भरणं, नाल्या उपसणं, आणि दर वर्षी झाडांना गेरू-चुन्याचे पट्टे मारणं. निवृत्त झाल्यावर ते आणि धुरपताबाई काठपुऱ्यातच एका खोलीत राहायला आले. मुलगा बादल पुण्याकडे बांधकामावर असतो.

काठपुरा म्हणजे आमच्या गावाबाहेरची नदीकाठची जुनी वस्ती. रिसोडहून जीपने पाऊण तास. दगडी वेस, धर्मशाळा, लहानसं जैन मंदिर आणि खाली घाट. रविवारी वाशीम-अकोल्याकडून माणसं येऊ लागली, तसे काका त्यांना पुरा दाखवू लागले. त्यांना कुणी नेमलेलं नव्हतं. आलेला माणूस वेशीत उभा राहून इकडेतिकडे पाहतोय, हे त्यांना बघवत नसे, एवढंच.

त्यांची सांगायची रीत उलटी होती. ते देवळापासून सुरुवात करत नसत.

"ही चिंच आंधी पाहा. देऊळ बांधणाऱ्यानं हिच्या सावलीत बसून दगड घडवला. सावली नसती तं तो आलाच नसता."

घाटाच्या डाव्या अंगाला, पायऱ्यांच्या मागे, अर्जुनाची तीन झाडं होती. त्यांतलं मधलं सगळ्यांत थोराड, पांढरट गुळगुळीत खोडाचं. रस्त्यावरून ते दिसत नसे. तिथं पोचलं की काका बोलणं थांबवत. "इथं काई सांगाचं नाई. बसा." लोक बसत. नदीत पाणी असो वा नुसती वाळू, बसत.

मी अमरावतीहून मराठी घेऊन एम.ए. झाले आणि नोकरी मिळेपर्यंत घरी आले, त्या हिवाळ्यात घेवरचंदकाकांनी मला दुकानात बोलावलं. काठपुऱ्याच्या वेशीलाच त्यांचं किराणा दुकान आहे आणि मंदिराचा कारभारही तेच पाहतात.

"बेटा अंजू, एक छोटी किताब लिहून दे. येणाऱ्याले समजलं पाह्यजे, काय पाहाचं, कुठून पाहाचं. नकाशा पण टाक. छपाई मी पाहून घेतो."

मग मी आठ-दहा दिवस रूपलाकाकांच्या मागे वही घेऊन फिरले. धुरपताबाई दारातून बघायच्या.

"त्यायचं सारं लिवू नको वं," त्या म्हणायच्या. "झाडायशीच लगीन लावाचं होतं यायनं, चुकून मह्याशी लागलं."

"तू बी सावलीच हाये," काका चालता चालता म्हणत, "पण बडबड करते."

जानेवारीच्या शेवटी दोन माणसं फीत आणि रंगाचा डबा घेऊन आली. एकेका खोडाचा घेर मोजून त्यावर पिवळ्या रंगात आकडे टाकू लागली. काकांनी विचारलं, तर गणना चाललीय म्हणाली.

काकांचा चेहरा त्या दिवशी किती उजळला होता, ते मी पाहिलं आहे. त्यांच्या नोकरीत रस्त्याच्या झाडांवर आकडे असत. नंबर पडलेलं झाड सरकारच्या वहीत असे. त्याची फांदी तोडली तरी गँगमनला जाब द्यावा लागे. काकांनी एकदा तीन रात्री एका नंबरी बाभळीची राखण केली होती. नंबर म्हणजे राखण, हे त्यांच्या हाडात मुरलं होतं.

माणसं सत्ताविसाव्या झाडावर थांबली आणि डबा झाकू लागली. काका त्यांच्या मागे धावले.

"साहेब, एक राह्यलं. मांगं हाये, दिसत नाई. सगळ्यात मोठं तेच हाये."

त्यांनी त्या दोघांना पायऱ्या उतरवून मधल्या अर्जुनाकडे नेलं. खोडाभोवती फीत धरायला दोघं पुरेनात, तेव्हा मागच्या बाजूला ती काकांनीच धरली. अठ्ठावीस नंबर पडला. मी वरच्या पायरीवर उभी राहून वहीत तो उतरवून घेतला.

फेब्रुवारीत अवकाळी आला आणि आकडे ओघळले. काकांनी डबाभर पिवळा रंग आणून सगळे पुन्हा गिरवले. आकडा उठून दिसावा म्हणून वर-खाली चुन्याचे पट्टे मारले. मला त्यातूनच सुचलं: पुस्तिकेत झाडं नंबरवार द्यावीत. येणारा आकडा पाहील आणि पान उघडेल. काकांना ते फार आवडलं. नकाशावर अठ्ठावीस ठिपके मी त्यांच्या खोलीत बसून काढले. ते एकेक ठिपका बोटाने दाखवत होते, "हे जरा नदीकडे घे. अजून. हां."

पुस्तिका मार्चमध्ये छापून आली. एक प्रत द्यावी म्हणून मी गावच्या कार्यालयात गेले. साहेब जेवायला गेले होते, म्हणून व्हरांड्यात उभी राहिले. तिथल्या काचेच्या पेटीत एक नोटीस होती. काठपुऱ्यातील वेस ते घाट रस्त्याचे रुंदीकरण व पर्यटकांसाठी वाहनतळ. खाली अडथळा ठरणाऱ्या वृक्षांची यादी. एक ते अठ्ठावीस. हरकती सात दिवसांत मागवल्या होत्या. ते सात दिवस महिन्यापूर्वीच होऊन गेले होते.

मी पुस्तिका न देताच परत आले.

काका चुन्याची बादली घासत होते. मी सांगितलं. त्यांनी हात थांबवला नाही.

"दुसरी यादी असंन ते."

"तीच आहे, काका. घेरसुद्धा तेच आहेत."

"नंबरी झाड कोणी तोडते काय?"

मी यादीवरची ओळ पुन्हा म्हणून दाखवली: अडथळा ठरणारे वृक्ष. तेव्हा त्यांनी बादली खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं कार्यालयात गेलो. बाबूने कागद पुढे केला. सत्तावीस झाडं रस्त्याच्या रेषेत येत होती. अठ्ठाविसावं येत नव्हतं.

"मंग ते काहून लिवलं?" काकांनी विचारलं.

"तुम्हीच दाखवलं ना, काकाजी? पोरं सांगत होती, म्हाताऱ्यानं हात धरून नेलं म्हणून. आता मंजुरी होऊन आली. एक नंबर खोडायचा तर फाइल परत वर जाईल."

"जाऊ द्या ना वर."

"ती वर गेली की आमच्या हातात नाही."

काकांनी अर्ज लिहायला सांगितला. मी लिहिला, त्यांनी सही केली. बाबूने शिक्का मारून पोच दिली. ती पोच काकांनी घडी घालून खिशात ठेवली आणि पुढचा महिनाभर ते रोज चौकशीला जात राहिले. पुऱ्यात आता त्यांच्याकडे वेगळ्या नजरेने पाहणारेही होते. पारावर बसलेले रामराव एकदा मोठ्याने म्हणाले, "रूपला, अजून एखांदं राह्यलं असंन तं दाखवून दे." कुणी हसलं नाही. काका पुढे निघून गेले.

घेवरचंदकाकांचं नाव रस्ता मागणाऱ्यांत पहिलं होतं. मी विचारलं तर ते बराच वेळ तराजूची पारडी पुसत राहिले. "रस्ता मागतला होता, बेटा," ते म्हणाले. "झाडं कोणी मागतली?"

एप्रिलमध्ये मशीन आल्याचं कळलं, त्या दुपारी मी घाटावर गेले. बाजूच्या दोन अर्जुनांना चुना मारून काका आता मधल्याच्या खोडाला मारत होते. आकड्यावर एक हात, दोन हात, तीन हात. पांढऱ्या खोडावर पांढरा चुना. अठ्ठावीस गेला.

"बाकीचे रस्त्यात हायेत," माझ्याकडे न पाहता ते म्हणाले. "हे माह्या हातानं लागलं. हे तरी काढतो."

मी कुणाला सांगितलं नाही. पण मी सांगण्याची गरजच नव्हती.

तोडणाऱ्यांचा मुकादम राजपाल नावाचा, बाहेरगावचा माणूस. दोन दिवसांत सत्तावीस झाडं पडली. तिसऱ्या सकाळी तो यादी घेऊन घाट उतरला. त्याच्याजवळच्या यादीत घेर नव्हते; अर्जुन, अठ्ठावीस, एवढंच. समोर तीन अर्जुन आणि एकावरही आकडा नाही. काका पायरीवर बसले होते. त्याने त्यांना विचारलं.

"मले नाई मालूम," काका म्हणाले. त्यांना खोटं बोलताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

राजपाल वर गेला. पाणी प्यायला घेवरचंदकाकांच्या दुकानात थांबला असावा. परत आला तेव्हा त्याच्या हातात माझी पुस्तिका होती. त्याने नकाशाचं पान उघडलं, घाटाकडे तोंड केलं, ठिपका पाहिला, झाड पाहिलं. नकाशा बरोबर होता. मी तो फार काळजीने काढला होता.

"मधलं," तो आपल्या माणसांना म्हणाला.

काका उठले आणि झाडाला पाठ लावून उभे राहिले. राजपाल वाईट माणूस नव्हता. त्याने मशीन बंद ठेवलं, बिडी पुढे केली, म्हणाला, "काकाजी, मी नाई तोडलं तं उद्या दुसरा येईन." काका अर्धा तास तसेच उभे होते. मग धुरपताबाई पायऱ्या उतरून आल्या. त्यांनी काकांचा दंड धरला. "चला. उन्हं चढून राह्यली," म्हणाल्या. काका त्यांच्यामागे गेले.

मी उरलेल्या पुस्तिका परत मागायला गेले, तर घेवरचंदकाकांनी बरेच गठ्ठे आधीच रिसोडला पाठवले होते. लोक त्या घेऊन अजून येतात. नंबर शोधतात, बुंधे पाहतात, घाटावर फोटो काढून गाडीत जाऊन बसतात.

काकांनी त्यानंतर कुणाला पुरा दाखवला नाही. माझ्याशी ते पूर्वीसारखेच बोलत, आणि तेच मला जड जाई. एकदा मी म्हटलं, काका, नकाशा मी काढला. ते म्हणाले, "फीत मी धरली." 

भाद्रपदात त्यांना ताप आला. चार दिवस अंगावर काढला, पाचव्या दिवशी वाशीमला नेलं. तिथेच ते गेले. बादल पुण्याहून पोचला तेव्हा उशीर झाला होता.

वाशीमला नेताना त्यांना जीपमध्ये बसवलं तेव्हा मी जवळ होते. धुरपताबाई पिशवीत पाण्याची बाटली ठेवत होत्या. काकांनी मला हाताने जवळ बोलावलं. आवाज बारीक झाला होता, पण सांगण्याची पद्धत तीच. वेशीत उभ्या राहिलेल्या पाहुण्याला सांगत तशी.

"किताब परत छापशीन तं एक लिव," ते म्हणाले. "येणाऱ्यानं टोपी आणाव. इथं लय ऊन लागते."