मूळ टेपवरून

भाग्यश्रीताई मुऱ्हे यांची नोकरी ऐकण्याची आहे. चाकणच्या एका कारखान्यात ओतकामाचा माल तपासतात तिथं त्या गेली बावीस वर्षं हातात लहान हातोडी घेऊन उभ्या असतात. ब्रेकचा लोखंडी ड्रम हुकाला अडकवायचा, एक टोला द्यायचा आणि ऐकायचं. चांगला माल घंटेसारखा वाजतो आणि वाजत राहतो. आत तडा असेल तर आवाज बोथट येतो, लगेच मरतो. डोळ्याला काही दिसत नाही. मध्यंतरी कंपनीनं आवाज मोजणारं मशीन आणलं. सुपरवायझर म्हणाला, "मॅडम, आता मशीन सांगेल तसं." मशीननं पास केलेले दोन ड्रम ताईंनी बाजूला काढून ठेवले आणि म्हणाल्या, "कापून बघा." कापले. दोन्हींत तडा निघाला. मशीन अजून आहे, आणि त्याच्या शेजारी ताईही आहेत.

याच कानांनी आमच्या ग्रुपमध्ये गेल्या वर्षी जी उलथापालथ केली ती मी डोळ्यांदेखत पाहिली. ताईंवर सगळ्यात आधी हसणाऱ्यांत मीही होतो, तेव्हा सांगायचा थोडा हक्क मला आहे आणि थोडं कर्जही.

आमचा ग्रुप म्हणजे जुन्या रॉक रेकॉर्ड जमवणारे नऊ पुरुष आणि एकट्या भाग्यश्रीताई. एक रविवार सोडून एक रविवार सकाळी आम्ही चिंचवड गावठाणात दादासाहेबांच्या टाइल्सच्या दुकानावरच्या हॉलमध्ये जमतो. दादासाहेब गावातल्या जुन्या घराण्यातले. कधीकाळी शेती होती, आता दुकानं आहेत. त्यांच्याकडं पाचशेच्या वर रेकॉर्ड आहेत आणि माणसाच्या उंचीचे स्पीकर. चहा, पोहे त्यांचेच. त्यामुळं शेवटचा शब्दही बहुतेक वेळा त्यांचाच.

ताई आमच्यात आल्या त्या एका रेकॉर्डमुळं. 'द गँगमेन' नावाचा चार पोरांचा बँड होता. चौघंही दापोडी आणि खडकीच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढलेले. त्यांनी १९७४ साली इंग्रजी गाण्यांची एकच रेकॉर्ड काढली, 'डाउन लाइन'. थोड्याच प्रती छापल्या, त्याही विकल्या गेल्या नाहीत. बँड मोडला. मग वीस-पंचवीस वर्षांनी लोकांना कळलं की ती केवढी भारी होती. तोवर प्रती भंगारात गेल्या होत्या.

त्यातलीच एक ताईंच्या हाती आली. लग्नाआधी त्या दापोडीला मावशीकडं राहून भोसरीच्या वर्कशॉपमध्ये कामाला जायच्या. बसस्टॉपशेजारच्या भंगारवाल्याकडं एक रेकॉर्ड प्लेअर पडलेला दिसला. झाकण निघालेलं. आत एक रेकॉर्ड तशीच लावलेली. भंगारवाला म्हणाला, "चालू झाला तर तुमचा." त्यांनी तो घरी नेऊन उघडला, पट्टा बदलला, आणि चालू केला. इंग्रजी तेव्हा त्यांना जेमतेम येत होतं. "पण त्यो ड्रमवाला," त्या सांगतात, "त्यो मला पहिल्या दिवशी कळला. त्याचा हात खोटं बोलत न्हाई."

तर दोन वर्षांपूर्वी बातमी आली, मुंबईची एक कंपनी 'डाउन लाइन'चा रीइश्यू काढणार, म्हणजे तीच रेकॉर्ड नव्यानं छापणार. आमच्या हॉलमध्ये त्या रविवारी पोहे थंड झाले.

"जुन्या दगडी देवळाला ऑइल पेंट फासतात ना, तसं करणार हे," एकजण म्हणाला.

"पण राव, लोकांना ऐकायला तर मिळेल," ओंकार म्हणाला. ओंकार हिंजवडीत कंप्युटरवर काम करतो, ग्रुपमध्ये सगळ्यात तरुण, आणि यंत्रांबद्दल त्याला शंका कधी नसते. "मूळ टेपवरून करतायत. स्वच्छ आवाज. आपल्या या खरखरीला किती दिवस कवटाळून बसायचं?"

"मग आपल्या ग्रुपमधल्या जुन्या प्रतींना काय अर्थ उरला?" तिसऱ्यानं विचारलं. खरं दुखणं बहुतेकांचं तेच होतं.

ताई म्हणाल्या, "निघू दे की. चांगलं गाणं कपाटात ठिऊन काय लोणचं घालायचंय?"

निघताना दादासाहेबांनी ताईंना बाजूला घेतलं. "भाग्यश्रीताई, तुमची 'डाउन लाइन' जरा ठेवून जाता का? कव्हरचे चांगले फोटो काढून ठेवतो. माझ्या प्रतीचं कव्हर फाटलंय." ताईंनी पुढच्या वेळी आणून दिली. वीस दिवसांनी ती परत मिळाली, नव्या प्लॅस्टिकच्या पिशवीत.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत रीइश्यू आला. कव्हरच्या मागं ठसठशीत लिहिलं होतं : मूळ टेपवरून. त्या रविवारी सगळे वेळेआधी हजर. दादासाहेबांनी स्वतःच्या हातानं सुई ठेवली. आवाज खरोखर स्वच्छ होता. ओंकार डोळे मिटून मान डोलवत होता. देवळाला ऑइल पेंट म्हणणारा म्हणाला की सगळा जीवच धुऊन काढलाय, आणि वाद सुरू झाला. दुसऱ्या बाजूचं दुसरं गाणं संपत आलं तेव्हा ताई खुर्चीतून उठल्या.

"हे परत लावा."

"का हो ताई?" ओंकार म्हणाला. "आवडलं?"

"लावा म्हणते ना."

परत लावलं. त्या स्पीकरपाशी जाऊन उभ्या राहिल्या, मान खाली घालून, जशा कारखान्यात उभ्या राहत असतील तशा. मग म्हणाल्या, "हे टेपवरून केलेलं न्हाई. ही माझी रेकॉर्ड हाय."

आम्ही हसलो. मी तर चांगला मोठ्यानं हसलो. ओंकार म्हणाला, "ताई, सगळ्याच प्रती तुमच्या प्रतीसारख्या असणार. गाणी तीच आहेत!" पुन्हा हशा.

"ड्रमचे पाच ठोके मेल्यात," ताई म्हणाल्या. "तीन वळीनं, मग एक सोडून, मग दोन. तिथं चरा होता. त्यो मशीननं पुसला, पण पुसताना ठोक्याची धार गेली. माझ्याच रेकॉर्डवर त्यो चरा हाय. दुसऱ्या कुठल्या रेकॉर्डवर तस्साच कसा यील?"

दादासाहेब चहाचे कप गोळा करू लागले. त्या हॉलमध्ये त्यांना कप उचलताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी घरी जाऊन ताईंनी आपली प्रत लावली. हे त्यांनी मला नंतर सांगितलं. त्यांचे यजमान सोनबा ओट्यावर विळ्याला धार लावत होते. रेकॉर्डवर ती जागा आली. टिक, टिक, टिक. एक फेरा मोकळा. टिक, टिक.

"ही माझी करामत," सोनबा बाहेरूनच म्हणाले. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यांच्या हातातली बॅटरी फिरत्या रेकॉर्डवर पडली होती. आपटून उडाली, पुन्हा आपटली. म्हणून तीन आणि दोन. ताई त्यांच्याशी चार दिवस बोलल्या नव्हत्या.

"अहो, मुंबईवाल्यांनी तुमचा चरा पुसून खोटं छापलंय."

सोनबांनी विळा खाली ठेवला. "दादासाहेबांनी दिली व्हय?"

"दुसरं कोण देनार."

"मग काय करणार तू? मोठी मानसं हायेत ती. सोडून दे."

"मी कंपनीत रोज दीडशे ड्रम वाजिवते," ताई म्हणाल्या. "फुटका ड्रम चांगला म्हणून सोडला तर गाडी कुणाच्या तरी अंगावर जाईल. इथं कुनी मरनार न्हाई. पण फुटक्याला चांगलं म्हणायची मला सवयच न्हाई."

पुढच्या शनिवारी चिंचवडच्या एका हॉलमध्ये रेकॉर्डचा समारंभ होता. मुंबईहून कंपनीची उत्कर्षा नावाची बाई आली होती, पन्नास-साठ रसिक, फुलांची माळ घातलेलं टेबल. ताई थेट पहिल्या शिफ्टवरून आल्या, कारखान्याच्या निळ्या शर्टावरच. खांद्याला डब्याची पिशवी आणि दुसऱ्या हातात रेकॉर्ड.

दादासाहेबांनी त्यांना दारातच गाठलं. "भाग्यश्रीताई, घरातली गोष्ट हाय. घरात बोलू. आज नको."

"घरात बोलायचं होतं तर घरात इचारायचं होतं," ताई म्हणाल्या आणि आत जाऊन बसल्या.

उत्कर्षा छान बोलली. टेप पन्नास वर्षं एका लोखंडी कपाटात कशी सुखरूप राहिली ते सांगितलं. शेवटी म्हणाली, "कुणाला काही प्रश्न?"

ताई उभ्या राहिल्या. "प्रश्न न्हाई. दोन मिंटं रेकॉर्ड लावायचीय. आधी तुमची, मग माझी. दुसरी बाजू, दुसरं गाणं."

उत्कर्षानं दादासाहेबांकडं पाहिलं. दादासाहेब जमिनीकडं पाहत होते. मागून कोणीतरी म्हणालं, "लावा की, ऐकू द्या." नाही म्हणायला तिला काही कारण सापडलं नसावं.

आधी नवी वाजली. प्रत्येक बोथट ठोक्याला ताई एक बोट वर करत होत्या. तीन. मग एक सोडून. मग दोन. मग त्यांची जुनी वाजली. बोटं त्याच जागी वर आली, आणि प्रत्येक बोटाबरोबर टिक ऐकू आलं. ओंकार मोबाइलवर सेकंद मोजत होता. मोजून झाल्यावर तो उभा राहिला. त्याचा चेहरा पडला होता, पण आवाज स्पष्ट होता.

"तेच आहे," तो म्हणाला. "पाचही जागा तंतोतंत तेच. त्या दिवशी मी हसलो. ताई, माझं चुकलं."

मी तेवढंही बोललो नाही. नुसता बसून राहिलो.

मग दादासाहेब उठले. "टेपला बुरशी लागली होती," ते म्हणाले. "दोन सोडली तर सगळी गाणी गेली होती. कंपनी काम सोडून देत होती. माझ्या प्रतीला बाक आलाय. ह्यांचीच तेवढी धड होती. रेकॉर्ड निघावी म्हणून दिली मी. बाकी काही मनात नव्हतं."

"मग मला इचारलं का न्हाई?"

"तुम्ही नाही म्हणाला असतात तर?"

"मी व्हय म्हणाले असते!" ताईंचा आवाज पहिल्यांदा चढला. "आपल्या ग्रुपात ओंकार सोडला तर मीच तेवढी म्हणत हुते, निघू दे म्हणून. माझी रेकॉर्ड नेली त्याचं मला न्हाई वाईट. फोटो काढतो म्हणून नेली, त्याचं हाय. आन वर छापलं, मूळ टेपवरून. म्हंजे मी खोटी, आमच्या ह्यांनी पाडलेला चरा खोटा, आन ही बुरशी लागलेली टेप खरी!"

समारंभ तिथंच संपला. माळ घातलेल्या टेबलावरची बर्फी तशीच राहिली.

आठवड्याभरानं उत्कर्षाचा फोन आला. पोरगी वाईट नव्हती, तिलाही टेपचं खरं सांगितलेलं नव्हतं. कंपनीचा निरोप असा होता : पुढच्या छपाईत आभाराच्या यादीत ताईंचं नाव घालू, पंचवीस प्रती घरी पाठवू. मात्र मूळ टेपची ओळ राहील, कारण दोन गाणी खरंच टेपवरची आहेत.

"माझं नाव घालू नका," ताई म्हणाल्या. "ती ओळ काढा."

"मॅडम, नाव आलं तर तुमचाच मान आहे."

"खोट्याच्या खाली माझं नाव कशाला? ओळ काढा."

पंचवीस प्रतींचा खोका तरीही आला. ताईंनी तो न उघडता परत पाठवला. ग्रुपमधल्या तिघांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. एकानं मला फोन करून सांगितलं, "बाईनं ग्रुपची इज्जत घालवली." मी म्हणालो, "बाईनं कुठं, आपण घालवली." तेवढं एक वाक्य मी वेळेवर बोललो, तेही फोनवर.

ओंकारनं दोन्ही रेकॉर्डचा तेवढाच तुकडा एकापाठोपाठ एक जोडला आणि रेकॉर्ड जमवणाऱ्यांच्या इंटरनेटवरच्या पानावर टाकला. वर ताईंनी सांगितलेली तीन वाक्यं : कोणी, कधी, कशी नेली. शिवी नाही, मागणी नाही. लोक ऐकत गेले. बंगळूरहून, कोलकात्याहून कंपनीला पत्रं गेली. तीन महिने कंपनी गप्प होती. पावसाळा संपता संपता दुसरी छपाई आली. मागची ओळ बदलली होती : दोन गाणी मूळ टेपवरून, बाकी गाणी एका खासगी संग्रहातील जुन्या रेकॉर्डवरून. संग्रह कोणाचा ते लिहिलेलं नव्हतं.

मी ती प्रत घेऊन त्यांच्या गावी गेलो. ताईंनी चष्मा लावून ओळ दोनदा वाचली.

"नाव नाही घातलं," मी म्हणालो.

"बरोबर हाय आता," त्या म्हणाल्या. सोनबांना वाचून दाखवली. सोनबा म्हणाले, "माझ्या बॅटरीचं पण न्हाई लिहिलं." तेव्हा त्या हसल्या.

दादासाहेब मधले काही महिने कोणाशीच फारसं बोलत नव्हते. दिवाळीनंतर त्यांनी ताईंना फोन केला, रविवारी या म्हणून. ताई म्हणाल्या, "सगळ्यांपुढं खोटं झालं, तर सगळ्यांपुढंच बोलायला पायजे." दादासाहेब त्या रविवारी सगळ्यांपुढं बोलले. फार नाही, चारच वाक्यं, तीही खिडकीकडं बघत. पण बोलले. त्यातल्या एकात "माझ्याकडून" हा शब्द होता. ज्या तिघांनी बोलणं टाकलं होतं त्यातला एक उठून गेला.

ताई नेहमीच्या खुर्चीत बसल्या होत्या. पोहे आले. ओंकारनं दुसऱ्याच कुठल्या बँडचा नवा रीइश्यू लावला. दादासाहेब म्हणाले, फार उत्तम काम केलंय.

"कशाचं उत्तम?" ताई म्हणाल्या. "झांज ऐका की जरा. पत्र्याचा डबा वाजतोय."

"ताई, तुम्हाला काहीच पसंत पडत नाही," दादासाहेब म्हणाले.

"चांगलं असंल तर पडंल की. लावा परत."

दादासाहेबांनी कपाळाला हात लावला, आणि उठून सुई पहिल्या गाण्यावर ठेवली.