कपाळाला लावलेली पुडी

खरं सांगा, देवावर भरवसा आहे म्हणून तुम्ही कधी डॉक्टरांनी दिलेली गोळी टाळली आहे का? मी टाळलेली नाही. मी दुसरीला टाळायला लावली, आणि तीही छापील कागदावरून.

आमच्या घरात पाटीपेन्सिलीच्या आधी येशूच्या गोष्टींची पत्रकं आली. आई सांगलीकडच्या एका मिशन दवाखान्यात नर्स, पप्पा उपदेशक. छापखान्यातून पत्रकांचे गठ्ठे यायचे आणि जेवणं झाली की ताटं उचलून त्याच जागेवर आम्ही घड्या घालत बसायचो. अक्षरं मी त्यांच्यावरूनच शिकले. वर्गातल्या मुली ‘कमळ’ वाचत होत्या तेव्हा मी ‘पश्चात्ताप’ न अडखळता वाचत होते. त्याचा अर्थ कळायला मात्र बरीच वर्षं गेली.

आई निवृत्त झाल्यावर दोघं पाटणला राहायला आले. एक गुरुवार सोडून दुसऱ्या गुरुवारी जीप काढायची आणि कोयनेच्या बाजूच्या वाड्यांवर जायचं. शाळेच्या ओट्यावर आई रक्तदाब बघायची, जखमा धुवायची, सांगलीच्या डॉक्टरांनी ज्याला जे लिहून दिलंय ते औषध द्यायची. रांग संपली की पप्पा, ज्यांना थांबायचं असेल त्यांना, बायबलमधली एखादी गोष्ट सांगायचे. आधी औषध, मग गोष्ट. गोष्टीला थांबला नाही म्हणून कुणाचं औषध अडायचं नाही, हा आईचा नियम.

“आलं का येशूचं डाक्टर?” जीप दिसली की म्हातारे ओरडायचे.

“डॉक्टर नाही, नर्स,” आई म्हणायची.

“मग लय बरं. डाक्टर सुई टोचतंय.”

“सुई नर्सच टोचते, बाबा. बाही वर करा.”

गोळ्या द्यायची आईची एक रीत होती. उरलेल्या पत्रकांचे चौकोन कापून ती त्यात गोळ्यांच्या पुड्या बांधायची. कागद वाया जात नाही आणि जाता जाता चार शब्द घरात जातात. सकाळच्या पुडीवर पेनाने सूर्य, रात्रीच्या पुडीवर चंद्र.

कॉलेज संपवून मी पाटणला आले तेव्हा डोक्यात नुसती आग होती. जुनी पत्रकं मला पुळचट वाटायची. मी स्वतःच एक लिहिलं. बारा वर्षं आजारी असलेली, वैद्यांपायी होतं नव्हतं ते घालवून बसलेली बाई गर्दीतून वाट काढत येते, प्रभूच्या वस्त्राच्या काठाला हात लावते आणि तिथल्या तिथे बरी होते, ती गोष्ट. पप्पा ती नेहमी सांगायचे. पण शेवट मी माझा जोडला. वैद्य हरले, नुसता हात लावला आणि ती जिंकली. तुम्ही अजून कुणाच्या दारात बसला आहात?

पप्पांनी वाचलं. “झणझणीत झालंय,” ते म्हणाले. “थोडं पाणी घाल.”

सत्यात पाणी घालायचं नसतं, असं मी त्यांना सुनावलं आणि पिवळ्या कागदावर छापून आणलं. आईने वाचलं नाही. तिने कागद बोटांत चोळून पाहिला आणि म्हणाली, “पातळ आहे. घडी छान बसेल.”

कोयनानगरच्या अलीकडे एका वाडीत एक तरुण सून होती. नवरा फौजेत, घरी ती आणि सासू. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी तिला फिट यायला लागल्या. एकदा चुलीपाशीच पडली आणि मनगटापासून कोपरापर्यंत भाजली. डॉक्टरांनी रोज एक गोळी सुरू केली आणि त्यानंतर दीड वर्ष फिट आली नाही. आई तिला प्रत्येक खेपेला तेच बजावायची. एक दिवससुद्धा चुकवायची नाही. चुकवलीस तर फिट परत येईल, आणि कुठे येईल ते आपल्या हातात नाही. चुलीपाशी येईल, नाहीतर पाण्यात.

एका खेपेला आईने तिला माझ्या पिवळ्या पत्रकात बांधलेली पुडी दिली, आणि पुढच्या खेपेला ती रांगेत दिसली नाही. सासू आली होती, गुडघ्याचं औषध न्यायला.

“सूनबाई कुठं आहे?” आईने विचारलं.

“ती बरी झाली की. आता गोळी लागत न्हाई तिला.”

“कुणी सांगितलं?”

“आवं बाई, तुमच्याच कागदावर लिवलंय न्हवं? तिनं मला वाचून दावलं. हात लावायचा, बरं व्हायचं. रोज आंघूळ करून पुडीला हात लावतीया, कपाळाला लावतीया. मी बी लावती, गुडघ्याला.”

“मग गुडघ्यानं ऐकलं का?” मागून एकीने टोमणा मारला.

“माझं गुडघं मालकावानी हाय, गं. कवा कुनाचं ऐकलंय?”

सगळी रांग हसली. आई हसली नाही.

“आत्ता कुठं आहे ती?”

“नदीला. धुनं घेऊन गेलीया.”

“एकटी?”

“व्हय. रोजच जाती की.”

आई उठली. पप्पांना म्हणाली, “आज गोष्ट आधी सांगा.” इतक्या वर्षांत तिने स्वतःचा नियम मोडलेला मी तेव्हाच पाहिला. आम्ही दोघी उतरणीला लागलो. आईची साठी उलटलेली, पायवाट सगळी दगडांची. तिने मला पुढे जायची खूण केली आणि मी पळत सुटले. त्या वाटेवर मी प्रार्थना केली का, ते मला आठवत नाही. माझंच वाक्य मला शब्दन् शब्द आठवत होतं. नुसता हात लावला. ‘नुसता’ हा शब्द मी हौसेने घातला होता, जोर यावा म्हणून.

वळणावर आले आणि धोपटण्याचा आवाज ऐकू आला. धप्. धप्. धप्. इतका गोड आवाज मी आयुष्यात ऐकलेला नाही. ती गुडघाभर पाण्यात उभी राहून वाकळ बडवत होती, ताकदीने, हातावरचा जुना भाजल्याचा डाग उन्हात चकाकत होता.

“बाई, पळत का आलासा? कुनाला काय झालं?”

मी ओल्या दगडावर बसकण मारली. मागून आई धापा टाकत आली, तिने आधी सुनेचा हात धरून तिला पाण्याबाहेर काढलं आणि मग श्वास घेतला.

घरी गेलो. पुडी देव्हाऱ्यात होती, खंडोबाच्या टाकाशेजारी, हळदकुंकू वाहिलेली. उघडलेलीच नव्हती. दोन आठवडे ती बिनगोळीची चुलीपुढे बसली होती, नदीत उतरली होती, आणि तिला काही झालं नव्हतं.

आईने आवाज चढवला नाही. तिने विचारलं, “त्या गोष्टीतल्या बाईला बारा वर्षांत गुण देणारी गोळी मिळाली असती, तर तिनं ती देव्हाऱ्यात ठेवली असती का?”

सून विचारात पडली. “न्हाई. गिळली असती की. बारा वर्सं कोन कळ काढंल?”

“तुला मिळाली आहे.”

मोबाइलला रेंज यावी म्हणून आई घरामागच्या टेकाडावर चढली आणि डॉक्टरांशी बोलली. आजपासून सुरू करा, ते म्हणाले. सुनेने तांब्यातलं पाणी घेऊन गोळी गिळली. मग माझ्याकडे वळली. “कागद तुमी लिवलाय व्हय? लय झ्याक लिवलाय.” एवढी बोचलेली शाबासकी मला पुन्हा कुणी दिलेली नाही.

शाळेवर परतलो तर रांग जागची हलली नव्हती आणि पप्पांची गोष्ट चालूच होती. एक म्हातारा आईला बघून म्हणाला, “आलासा बाई? लय लांबली ही गोष्ट. त्यापरास सुई परवडली.”

पुढचे दोन आठवडे आम्ही वाडी-वाडी फिरून पिवळे कागद गोळा केले. दुसऱ्या कुणी गोळी सोडली नव्हती. एकाने तर त्या कागदाने बिडी पेटवली होती. त्याच्या पाया पडावंसं वाटलं मला. त्या सुनेला त्यानंतर आजतागायत फिट आलेली नाही. आई आता कोऱ्या कागदात पुड्या बांधते. पत्रकं मी अजून लिहिते, तेवढ्याच तिखट हाताने लिहिते, पण छापायला जायच्या आधी आई ती वाचते आणि विचारते, “हे वाचून कुणी काय करेल?” तिने विचारलं की मला बरं वाटतं.

आता तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या घरात जे कुणी रोजची गोळी घेतं, आई असेल, सासरे असतील, त्यांच्याजवळ आज बसा आणि गोळ्या बघू द्या म्हणा. पुडी भरलेलीच दिसली तर हसू नका, ओरडू नका. कुणाच्या शब्दावर गोळी सोडली ते विचारा, डॉक्टरांना लगेच फोन लावा, आणि ते सुरू करा म्हणाले तर पाणी तुमच्या हाताने द्या.