पेंटरचा पहिला पराभव

सायकलच्या दुकानावर, लाकडी जिना चढून गेलं की बिलियर्ड्ससारख्या पूल नावाच्या खेळाचा क्लब होता. एकच टेबल, त्याचं हिरवं कापड दोन ठिकाणी ठिगळ लावलेलं. त्या टेबलावर पेंटरचं राज्य होतं. दिवसभर दुकानांच्या पाट्या रंगवायच्या आणि संध्याकाळी रंगाच्या हातांनीच काठी धरायची. त्याला हरवणारा गावात कुणी उरला नव्हता आणि हे तो कुणाला विसरू देत नसे.

त्याच सुमारास त्याच्या ताईने घरात सांगून टाकलं, की बर्फाच्या कारखान्यातल्या मेकॅनिकशीच लग्न करणार. आईने नाही म्हटलं नाही, पण धाकट्याला, म्हणजे पेंटरला, बाजूला घेतलं. "तू एकदा पारखून ये. दिसायला गरीब दिसतो, पण पोटात काय आहे ते कळत नाही."

पेंटरला पारखायची एकच जागा माहीत होती. तो मेकॅनिकला क्लबात घेऊन गेला.

"खेळता येतं ना?"

"थोडंफार," मेकॅनिक म्हणाला. त्याने शर्टाच्या बाह्या नीट दुमडल्या आणि काठीच्या टोकाला खडू लावला.

पहिला डाव पेंटरने जिंकला. जरा नाटकच करून जिंकला. बाकावरच्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या, त्याची कॉलर आणखी ताठ झाली. दुसऱ्या डावात मेकॅनिकची पाळी आली आणि संपेचना. एक चेंडू भोकात गेला, दुसरा गेला. त्यात काय, असे तर पेंटरही घालायचा. मग त्याचं लक्ष काठीने मारायच्या पांढऱ्या चेंडूकडे गेलं. त्याचा स्वतःचा पांढरा चेंडू फटक्यानंतर वाट चुकल्यासारखा टेबलभर भटकायचा आणि तो त्याच्यामागे धावायचा. मेकॅनिकचा मात्र सांगून ठेवल्यासारखा पुढच्या चेंडूसमोर जाऊन उभा राहायचा. हा माणूस तीन चेंडू पुढचं बघत होता. पहिल्या डावात तो फक्त टेबलाचा उतार समजून घेत होता.

तिसरा डाव, चौथा डाव, सगळे मेकॅनिकनेच जिंकले. शेवटच्या डावात तर पेंटरला काठी भिंतीला टेकवून नुसतं उभं राहावं लागलं.

जिना उतरताना तो चिडून म्हणाला, "होणाऱ्या मेहुण्याला एखादा डाव सोडला असता, तर काय बिघडलं असतं?"

मेकॅनिक थबकला. "सोडला असता, तर तुम्हाला कळलंच असतं. मग उद्या तुमच्या ताईंशी खरं बोलतो म्हटलं, तरी तुमचा विश्वास बसला नसता."

पेंटर घरी पोचला. आई दारातच उभी. "कसा आहे?"

"माझं नाक कापलं त्याने," पेंटर म्हणाला. "लावून टाक ताईचं लग्न त्याच्याशी."

त्यानंतर कितीतरी वर्षं दर रविवारी दोघे त्या टेबलावर असायचे. मेकॅनिकचे दाजी झाले, दाजींचे केस पांढरे झाले, पण पेंटर काही जिंकेना. हळूहळू तोही पांढऱ्या चेंडूकडे बघून खेळायला शिकला. आणि एका रविवारी डाव जिंकून देणारा काळा चेंडू त्याच्या फटक्याने कोपऱ्यातल्या भोकात गेला, तेव्हा आधी त्याला स्वतःलाच खरं वाटेना.

दाजी मात्र फुगून बसले. घरी आल्यावर जेवणावर लक्ष नाही, कुणाशी धड बोलणं नाही. ताई वैतागली. "अहो, लहान आहात का? एकदा हरलात तर काय आभाळ कोसळलं?"

"हरलो त्याचं काही नाही," दाजी पुटपुटले. "हा हसतो केवढा!"

आता क्लबच्या जागी गाद्यांचं दुकान आहे आणि दाजी जाऊन दोन वर्षं झाली. ताईकडे गेलं की पेंटर हाच प्रसंग काढतो. प्रत्येक वेळी तो चेंडू थोडा आणखी लांबून आत जातो, आणि ताई डोळे पुसत म्हणते, "पुरे रे, ते असते तर हे चालू दिलं नसतं."